दहिवडी ते कोलकाता : नकाशावरचे अंतर आणि घड्याळातले अंतर



माणदेश हा अवर्षणाचा मुलूख. पावसाने पाठ फिरवली की येथील माणूस गाव सोडतो, परंतु गावाचा संबंध सोडीत नाही. माण, खटाव, खानापूर, आटपाडी या तालुक्यांतील असंख्य कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायानिमित्त देशातील दूरदूरच्या शहरांत स्थिरावली आहेत. सराफकट्ट्यावरील मातीतून सोन्याचा कण वेगळा काढणारा हा कारागीर कोलकात्यास असतो आणि त्याचे वृद्ध आईवडील दहिवडी-म्हसवडच्या परिसरात. आजारपणाचा निरोप गेला की पोहोचण्यास किती वेळ लागेल, हाच पहिला प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो.

पुणे-कोलकाता हे सरळ हवाई अंतर सुमारे १,५८० कि.मी. भरते. लोहमार्ग भुसावळ-नागपूरवरून वळत जात असल्याने तेच अंतर दोन हजार कि.मी.च्या घरात जाते आणि आगगाडीस तीस तासांहून अधिक वेळ लागतो. विमानास अडीच-पावणेतीन तास पुरतात. ताशी ८०० कि.मी. वेगाने हिशेब केल्यास दोनच तास यावयास हवेत, अशी शंका विद्यार्थी घेतील. परंतु वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या तळावर जागेवर थांबेपर्यंतची असते. शिवाय चढताना व उतरताना वेग कमी असतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर फार उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. कोलकात्यास जाणाऱ्या विमानाला ते साहाय्य करतात, तर परतणाऱ्यास अडवितात. गावी येणाऱ्याच्या वाट्यास नेमका विरोधी वारा यावा, हा योगायोगच म्हणावयाचा!

भूगोलाच्या तासाला आणखी एक उदाहरण घेता येईल. दहिवडी आणि कोलकाता यांच्या रेखांशांत सुमारे १४ अंशांचा फरक आहे. दर अंशास चार मिनिटे याप्रमाणे कोलकात्याचा मध्यान्ह जवळजवळ तासभर आधी होतो. देशभर प्रमाणवेळ एकच असल्याने तिकिटावरील दोन वेळांची वजाबाकी मात्र बरोबर येते. दुबईच्या तिकिटास हा नियम लागू पडत नाही. तेथील घड्याळ दीड तास मागे आहे. म्हणून मुंबईहून दहाला निघून साडेअकराला पोहोचणारे विमान प्रत्यक्षात तीन तास उडालेले असते.

खरी अडचण जमिनीवरची आहे. दहिवडीहून मोगराळे घाट, फलटण, लोणंद, जेजुरी, सासवड असे पुण्यापर्यंतचे अंतर सुमारे दीडशे कि.मी. त्यास चार तास धरावेत. विमानतळावर दोन तास आधी हजर राहावे लागते आणि उतरल्यावर सामान घेऊन शहरात पोहोचण्यास तास-दीड तास जातो. अशा रीतीने दहा तासांच्या प्रवासात आकाशातील काळ जेमतेम चौथा हिस्सा. कऱ्हाडला धावपट्टी आहे, परंतु प्रवासी विमानसेवा नाही. विमानाचा वेग वाढवून वाचतील त्याहून अधिक मिनिटे फलटणचा रस्ता चांगला राखून आणि एस.टी.च्या वेळा जुळवून वाचतील.

ग्रामपंचायतीच्या फलकावर एस.टी.च्या पहिल्या व शेवटच्या गाडीची वेळ ठळकपणे लिहिण्यास फारसा खर्च येत नाही. कारण रात्री उशिरा लोहगावला उतरलेल्या मुलास पहाटेपर्यंत थांबावे लागते, नाहीतर खाजगी मोटार करावी लागते. आणि तिचे भाडे कित्येकदा विमानाच्या तिकिटाशी स्पर्धा करते.