कुंपण कोणी घातले?



रूसो हे परदेशी नाव ऐकून बिचकू नका. हा गृहस्थ राजवाड्यातला नव्हे. 1712 साली जिनीव्हा शहरात एका घड्याळजीच्या घरी तो जन्मला. पण त्याने विचारलेला प्रश्न तुमच्या-आमच्या शेताच्या बांधावरचा आहे.

1755 साली त्याचा एक निबंध प्रसिद्ध झाला. माणूस मुळात दुष्ट नाही, असे त्याने त्यात मांडले. स्वतःला जपणे आणि दुसऱ्याच्या दुःखाने कळवळणे, या दोन गोष्टी घेऊनच तो जन्माला येतो. बिघाड झाला तो कुणीतरी जमिनीला कुंपण घातले आणि बाकीच्यांनी ते मुकाट्याने मानले तेव्हा. मग धनी झाले, चाकर झाले, आणि कायदाही धन्याच्या सोयीचा झाला.

हे पुस्तकी वाटत असेल तर आदिलाबादकडे पाहा. आज तेलंगणात असलेला हा जिल्हा पूर्वी निजामाच्या राज्यात होता. किनवट आणि राजुरा हे तालुके त्याचेच. 1956 साली ते मराठी मुलखात आले. तिथल्या रानात गोंड लोक पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत. एका जागेचा कस उतरला की दुसरी जागा कसत. कागद नव्हता, कारण कागदाची गरजच नव्हती. मग सरकारने रान राखीव केले. कालचा शेतकरी आज अतिक्रमण करणारा ठरला. गुरे चारायला पैसे, लाकूड तोडले तर दंड, आणि हटला नाही तर झोपडीला आग! कायदा झाला हैदराबादेत. गोंडाला कोणी विचारले होते?

हाच अन्याय कुमरम भीम याने सोसला नाही. पाणी, रान आणि जमीन आमची, असे म्हणून तो उठला आणि 1940 साली जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांच्या गोळीला बळी पडला.

तेव्हा कुठे सरकार जागे झाले. हायमेनडॉर्फ नावाच्या ऑस्ट्रियन अभ्यासकाला गोंडांत पाठवले. त्याने दुखण्याचे मूळ सांगितले: जमीन गेली. पुढे अनेकांना पट्टे मिळाले. 1943 साली मारलवाई गावी गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. गोंडी भाषेतले धडे देवनागरीत छापले गेले. आम्हा मास्तरांना हे विशेष वाटते. कागद वाचता आला, तरच कागदाने होणारी फसवणूक ओळखता येते.

मग कायदाच नको काय? तसे नव्हे. 1762 साली रूसोने लिहिले, की सर्वांनी मिळून सर्वांच्या हितासाठी केलेला कायदा पाळताना माणूस गुलाम होत नाही. त्या पुस्तकाची जिनीव्हात होळी झाली. पण आपल्याला ते समजायला कठीण नाही. खाजनाचा बांध फुटला तर खारे पाणी कोणाचे शेत निवडून शिरत नाही. म्हणून बांधाचा नियम सगळ्यांचा. रापण ओढायला जितके हात, तितके वाटे. असा नियम जाचत नाही. रूसोने मात्र या कारभारात स्त्रियांना जागा दिली नाही. ते आपण उचलू नये.

2006 सालच्या वनहक्क कायद्याने जंगलजमिनीवरच्या दाव्याची सुरुवात ग्रामसभेतून ठेवली. जोडेघाटनंतर 66 वर्षांनी!

तेव्हा ग्रामसभेला घरातल्या बायकांसह जा. गावच्या जमिनीचा किंवा किनाऱ्याचा ठराव आला, तर उभे राहून विचारा: हा कोणी केला, कोणाच्या हितासाठी केला, आणि आम्हाला केव्हा विचारले?