पार्किंगचा कोबा आणि माझी चूक

(रौप्यमहोत्सवी समारंभात, पार्किंगमधल्या मांडवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सोसायटीच्या आठवणी सांगायला सांगितलं आहे. पहिला गणपती, 26 जुलै 2005 चा पाऊस, पाण्याच्या टँकरवरून झालेली भांडणं, या आठवणी बाकीचे वक्ते सांगतीलच. मी एकच विषय घेणार आहे आणि तो तुमच्या पायाखाली आहे. पुढच्या रांगेतल्यांनी सतरंजीचा कोपरा जरा उचलून बघा. राखाडी रंगाचे पोपडे दिसतील. 2016 साली केलेल्या इपॉक्सीचं एवढंच शिल्लक आहे. समारंभाच्या आधी नवं कोटिंग करून पार्किंग चकाचक करावं, अशी तरुण मंडळींची इच्छा होती. मी आडवा आलो. "काका, तुम्ही प्रत्येक गोष्टीत मोडता घालता," असंही एकाने ऐकवलं. त्याला उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते आज देतो.

2016 साली मी खजिनदार होतो. कोबा झिजून भुकटी सुटायची. कितीही झाडा, गाड्यांवर पांढरी धूळ. तीन कोटेशनं आली, त्यातलं सर्वांत कमी रकमेचं मी उचललं. सभेत सी विंगचे अण्णा उठले. पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. त्यांनी विचारलं, "खालची ओल तपासली का?" मी म्हणालो, "अण्णा, मे महिन्यात कसली ओल? पुढचा विषय घ्या." परवा जुनं मिनिट्स बुक काढलं. माझ्याच अक्षरात लिहिलं आहे, 'चर्चेअंती ठराव एकमताने मंजूर.' अण्णांचा प्रश्न त्यात नाही. अण्णांनी हातही वर केला नव्हता, तेही नाही.

चार दिवसांत काम झालं. अ‍ॅसिड ओतलं, पाइपने धुतलं, वाळलंसं वाटल्यावर रंग. इपॉक्सीचे दोन डबे असतात, एक रेझिनचा आणि एक हार्डनरचा. ते ठरलेल्या मापातच मिसळावे लागतात आणि मिसळल्यावर ठरावीक वेळात संपवावे लागतात. आपल्याकडचा पोरगा अंदाजाने ओतत होता. दुपारी तो जेवायला गेला, आला तेव्हा कालवलेला डबा गरम होऊन घट्ट झाला होता. त्याने थिनर घालून तोच रंग पुढे ओढला. मी खुर्ची टाकून तिथेच बसलो होतो, चमक बघून खूश होत. तिसऱ्या दिवशी सभासदांची कुरकुर सुरू झाली म्हणून गाड्या आत घेतल्या. खरं तर गाडीसाठी साधारण सात दिवस थांबायला हवं होतं.

जुलैत फोड आले. रुपयाएवढे, दाबले की पाणी यायचं. गाडी काढली की चाकांच्या जागी रंग गायब. टायर धावून गरम झालेला असतो, उभ्या गाडीखाली तो थंड होताना रंगाला घट्ट धरतो; रंगाची पकड कच्ची असली की तो टायरबरोबर निघतो. इतपत पैशाचं नुकसान होतं. पण त्याच पावसात ए विंगमधल्या आपल्या वहिनी दूध घेऊन येताना त्या गुळगुळीत ओल्या रंगावर घसरल्या आणि मनगटाचं हाड मोडलं. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. दिवाळीला डाव्या हाताने फराळाचं ताट पुढे केलं, ते मला आजही जड जातं.

वहिनी पडल्या त्याच आठवड्यात अण्णांनी मला सकाळी साडेसहाला खाली बोलावलं. माझ्या स्कूटरच्या जागी, रंग निघालेल्या भागावर, त्यांनी आदल्या दिवशी दीड फूट बाय दीड फुटाचं जाड प्लॅस्टिक पसरून चारी कडा टेपने बंद केल्या होत्या. वरून पाणी जायला जागा नाही. टेप सोलली तर प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब आणि खालचा कोबा काळपट. "हे खालून आलं," एवढंच म्हणाले. 'मी सांगितलं होतं' असं ते कधी म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

मग मी त्यांच्याकडे शिकायला बसलो. काँक्रीट दिसतं घट्ट, पण त्यात बारीक छिद्रांचं जाळं असतं. आपल्या कोब्याखाली सोलिंग आहे, पण ओल अडवणारा प्लॅस्टिकचा थर नाही. डोंबिवलीच्या पावसात जमीन पाण्याने भरते आणि वाफ वर येत राहते. उघड्या कोब्यातून ती निघून जाते, आपल्याला कळतही नाही. वरून इपॉक्सीचं झाकण बसवलं की ती त्या झाकणालाच ढकलते. त्यात अ‍ॅसिडने धुतल्यावर कोब्यात उरलेलं पाणी आणि क्षार. शिवाय अ‍ॅसिडने तेल निघत नाही. कोब्यावर थोडं पाणी शिंपडावं. ते जिरलं तर रंग धरेल, थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर तिथे तेल आहे असं समजावं. वरची सिमेंटची कच्ची साय मशिनने घासून काढायची, हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखं लागलं पाहिजे. या कामाची चमक दिसत नाही, म्हणून स्वस्त कोटेशनमध्ये पहिली कात्री इथेच लागते.

बँकेत तारण न बघता मी कोणाला कर्ज दिलं नाही. इथे मात्र डब्यावरचं नाव बघितलं आणि खालचा कोबा बघितलाच नाही.

अण्णा 2021 मध्ये गेले. यंदा जुलैत आम्ही तिन्ही विंगमध्ये त्यांच्या पद्धतीने प्लॅस्टिक लावलं, मे महिन्यात मुद्दाम नाही. ए विंग कोरडी. बी विंग कोरडी, फक्त पंपरूमजवळचा पट्टा सोडून. सी विंगमध्ये सगळीकडे थेंब. ही चाचणी ओल आहे एवढंच सांगते, किती ते सांगत नाही, पण निर्णयाला तेवढं पुरे. त्यामुळे तिन्ही विंगना एकच कोटिंग, हा हट्ट मी सोडायला सांगतोय. सी विंगवाल्यांना वाटेल आपल्याला कमी दिलं. तसं नाही. सी विंग आणि तो पंपरूमचा पट्टा इथे घासून सिलिकेटचं द्रावण मुरवायचं. ते काँक्रीटमधल्या चुन्याशी मिळून पृष्ठभाग कठीण करतं, भुकटी थांबवतं आणि वाफेला वाट ठेवतं. थरच नसतो, मग सोलणार काय? चमक मात्र इपॉक्सीची येणार नाही, आणि तेल सांडलं तर लगेच पुसावं लागेल.

ए आणि बी विंगला इपॉक्सी चालेल, पण घासल्यावरच, आणि त्यात बारीक वाळू पेरून. ओल्या चपलेला पकड हवी. झाडणाऱ्या मावशींना थोडा जास्त जोर लागेल, ते मान्य. रॅम्पच्या तोंडाशी दुपारचं ऊन येतं. उन्हात इपॉक्सी पिवळं पडतं, भुरभुरतं. तिथे वरचा हात उन्हाला टिकणाऱ्या पॉलियुरेथेनचा घ्यायचा. पॉलिअ‍ॅस्पार्टिक नावाचा प्रकारही आहे. तो काही तासांत सुकतो, उन्हालाही टिकतो, पण महाग, आणि इतक्या लवकर घट्ट होतो की हात बसलेला कारागीरच हवा. ओलीचा प्रश्न त्यानेही सुटत नाही. विकणाऱ्याने काहीही सांगो.

दोन वर्षांनी पैसे पुन्हा खर्च होतील की नाही, याची हमी मी देत नाही. एवढं मात्र या वेळी मिनिट्समध्ये लिहून घेतलं आहे, की मोजमापाने मिसळणं आणि घासणं ठरल्याप्रमाणे झालं आहे असं कमिटीच्या दोघांनी स्वतः बघितल्याशिवाय पुढचा हप्ता द्यायचा नाही. विरोधी मतंही लिहिली आहेत. माझ्या नावावर दोन जणांनी आक्षेप घेतला, तोही.

काम फेब्रुवारीत आहे. ए विंगपासून सुरुवात. रंग झाल्यावर चोवीस तास पाऊल नाही आणि सात दिवस गाडी नाही. तेवढे दिवस गाड्या बाहेर रस्त्यावर लावाव्या लागतील. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊ नका, किल्ली मिळणार नाही. तारखा वॉचमनच्या केबिनबाहेर लावल्या आहेत. ज्यांच्या सायकली वर्षानुवर्षं खांबाला बांधून पडल्या आहेत त्यांनी जानेवारीअखेर त्या सोडवून न्याव्यात.