भट्टीवरचें रसायनशास्त्र



रसायनशास्त्र म्हणजे शहरांतल्या कांचेच्या नळ्या, असें तुम्हांस कोणीं शिकविलें? शहापूर-मुरबाडच्या रानांत आपल्या कातकरी बांधवांनीं कोळशाच्या किती भट्ट्या लाविल्या! लांकडें रचावयाचीं, वर पाला नि माती लिंपावयाची, हवेला थोडकीच वाट ठेवावयाची. हवा मुबलक मिळाली तर उरते राख. ती कोंडली कीं पाणी व धूर निघून जातात आणि कर्ब, म्हणजे कार्बन, मागें राहतो. धूर दाट पांढरा तोंवर पाणी निघत आहे. निळसर, विरळ झाला कीं भोंकें बुजवावयाचीं. ही परीक्षा भट्टीवाल्यास कोणत्याही पुस्तकानें दिलेली नाहीं.

कोळशांत उष्णता आली कोठून? सूर्याकडून. सुमारें १५ कोटि किलोमीटर अंतर प्रकाश ८ मिनिटांत तोडतो, आणि त्याच्या बळावर झाडें हवेंतला कर्बवायु व मुळांचें पाणी यांचें लांकूड करितात.

वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानें गुन्हा ठरली. तरी उचल घेतलेल्या बापामागें पोर भट्टीवर जातें, आणि शाळेंत त्याच्या नांवापुढें गैरहजेरी पडते. धुराचा रंग ओळखणाऱ्या त्या पोरास आम्ही मठ्ठ म्हणतों! तो वर्गांत परतेल तेव्हां मास्तरांस सांगून त्याला फळ्यापाशीं उभा करा, आणि भट्टी त्याच्याच तोंडून ऐका.