आमचा नागपूरचा प्रवास
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यात केलेले भाषण)



या मेळाव्यात ‘कुटुंबाचे ऐक्य’ या विषयावर आम्ही दोन शब्द बोलावे, अशी महोत्सव समितीची आज्ञा झाली. विषय मोठा आणि आमचा अधिकार लहान. ज्याच्या स्वतःच्या घरात दोन भाऊ अकरा वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत, त्याने ऐक्यावर व्याख्यान देणे म्हणजे टक्कल पडलेल्या गृहस्थाने केशवर्धक तेल विकण्यासारखे आहे. सबब उपदेशाच्या भानगडीत न पडता, गेल्या डिसेंबरात आम्ही वसईहून नागपुरास मोटारीने गेलो, त्याची हकीकत तेवढी सांगतो. ती सांगण्यास आमच्या थोरल्या बंधूंची परवानगी आहे. ‘केळ्यांच्या घडाविषयी बोलू नकोस’ एवढी एकच अट त्यांनी घातली आहे, आणि ती आम्ही लवकरच मोडणार आहोत.

आम्ही तिघे भाऊ. थोरले दादा, मधले आम्ही आणि तिसरा धाकटा. वाडी तिघांची, विहीरही तिघांची. अकरा वर्षांपूर्वी धाकट्याने आपला हिस्सा विहिरीतील वाट्यासकट विकला आणि नोकरीच्या बदलीने तो सहकुटुंब नागपुरास गेला. विकत घेणाऱ्याने पहिल्याच उन्हाळ्यात विहिरीवर पंप बसविला व टँकर भरावयास प्रारंभ केला. श्रोतेहो, आपण सारे किनाऱ्यावरचे. गोडे पाणी वाजवीपेक्षा अधिक उपसले की समुद्र जमिनीखालून आत सरकतो, हे आपणांस पुस्तकातून शिकावे लागत नाही. ते आपल्या जिभेस कळते. आमच्या विहिरीच्या पाण्यास आता दर मे महिन्यात मचूळ चव येते.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईची चळवळ उभारली, तेव्हा दादा तिच्यात होते. अशा माणसाच्या विहिरीचे पाणी टँकरने विकले जावे, आणि तेही सख्ख्या भावाच्या हातून! दादांनी भर अंगणात दोन प्रतिज्ञा एका दमात केल्या. पहिली, धाकट्याच्या घरच्या पाण्याचा थेंब घेणार नाही. दुसरी, विकतचे पाणी जन्मात पिणार नाही. त्या दिवसापासून दादा कोठेही गेले तरी घरच्या विहिरीचे पाणी बरोबर नेतात.

महोत्सवाचे आमंत्रण परगावी गेलेल्या प्रत्येक कुटुंबास पोहोचवावे असे ठरले, तेव्हा आमच्या घरात शांतता पसरली. आम्ही हळूच म्हणालो, “टपालाने पाठवू.” त्यावर वहिनी म्हणाल्या, “आमंत्रण टपालाने जाईल हो, पण माणूस टपालाने येत नाही. घरच्या वडीलधाऱ्यानेच जायला हवे.” दादांनी दोन दिवस विचार केला व निर्णय दिला, “जाईन, आमंत्रण देईन आणि परत येईन. पाणी माझे मी नेईन.”

याप्रमाणे दादा, वहिनी, आम्ही, आमचे कुटुंब आणि मोटार हाकावयास पुतण्या अशी पाच माणसे पहाटे चार वाजता निघाली. सामानात वीस लिटर पाण्याचा कॅन, सुकेळ्यांचा डबा, टोपलीभर फुगे आणि दादांच्या वाडीतला केळ्यांचा एक घड होता. “घड त्याच्यासाठी नाही, मुलांसाठी आहे,” असे दादांनी कोणी विचारले नसतानाही सांगितले.

पुतण्याचे म्हणणे असे की, समृद्धी महामार्ग सन 2025 च्या जूनपासून संपूर्ण खुला झाला आहे. 701 किलोमीटरची ती वाट धरली तर आठ तासांत नागपूर येते. दादा म्हणाले, “आठ तासांत पोहोचायची घाई कोणाला आहे?” तेव्हा कसाऱ्याचा घाट, नाशिक, धुळे, जळगाव, अकोला, अमरावती असा जुना रस्ता धरला. तो सुमारे शंभर किलोमीटरांनी लांब पडतो. मुक्कामही वाढतो. दादांस तेच हवे होते.

नाशकापर्यंत सर्व ठीक चालले. वाटेत चहा घेताना वहिनींनी शंका काढली, “अहो, चहातही विकतचे पाणी असते ना?” दादांनी उत्तर दिले, “चहा म्हणजे चहा.” धर्मशास्त्राच्या मोठमोठ्या ग्रंथांतही इतका थोडक्यात निकाल आमच्या वाचनात नाही.

धुळे मागे पडल्यावर तापीचे मैदान लागले. समुद्राच्या माणसास मैदान सोसत नाही. आपल्याकडे कोठेही उभे राहिले तरी पश्चिम कोठे आहे ते वाऱ्यावरून कळते. येथे चहूंकडे काळी जमीन, तिच्यावर कपाशीची पांढरी बोंडे आणि मधून सरळ जाणारा रस्ता. तासभर झोप घेऊन जागे व्हावे तर पुढे तेच शेत, तोच बैल आणि बहुधा तोच शेतकरी.

आता घडाची गोष्ट. भुसावळच्या अलीकडे एका धाब्यावर आम्ही जेवावयास थांबलो. शेजारच्या ट्रकचालकाने मोटारीतील घड पाहून चौकशी केली. दादांनी त्यास वसईची केळी, तेथली वाडी, तेथली माती आणि सुकेळी यांवर अर्धा तास व्याख्यान दिले. गृहस्थ सभ्य, सारे ऐकून घेतल्यावर त्याने आपल्या ट्रकावरची ताडपत्री वर उचलली. आत वरपासून खालपर्यंत केळीच केळी! ज्या जिल्ह्याची केळी आगगाड्या भरून दिल्लीस जातात, ज्यांस सन 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या जळगाव जिल्ह्यात आम्ही एक घड मिरवीत चाललो होतो. त्या भल्या माणसाने हसून आपला एक घड आमच्या मोटारीत ठेवला व म्हणाला, “काका, नागपूरला नेताय तर आमचाही न्या.” पुढे नागपुरास पोहोचलो तेव्हा त्याचा घड पिवळाधमक झाला होता, आणि आमचा हिरवाच. मुलांनी कोणता संपविला, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

रात्री भुसावळास मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी मलकापूर सोडून नांदुऱ्यास आलो. तेथे मारुतीची 105 फूट उंचीची मूर्ती आहे. ती पुढून बराच वेळ दिसते आणि मागे टाकल्यावरही बराच वेळ दिसते. वहिनी तीन वेळा मागे वळल्या आणि म्हणाल्या, “अहो, आपण पुढेच चाललो आहोत ना?” खामगावास शेगावच्या नावाने प्रसिद्ध असलेली कचोरी खाल्ली. कचोरी उत्तम, परंतु तिच्या तिखटाने आमच्या कॅनमधील पाण्याची पातळी जी खाली गेली, ती पाहून दादा गंभीर झाले. अकोला ओलांडले तेव्हा कॅनमध्ये सात-आठ लिटर पाणी उरले होते.

अकोला-अमरावती रस्त्याची एक ख्याती आहे. सन 2022 च्या जूनमध्ये लोणी ते माना हे 75 किलोमीटरचे डांबरीकरण अखंड काम करून 105 तास 33 मिनिटांत पुरे केले गेले आणि त्याची गिनेसच्या विक्रमांत नोंद झाली. ही माहिती पुतण्या मोठ्या अभिमानाने सांगत असतानाच, मूर्तिजापूरच्या पुढे, मोटारीच्या तोंडातून वाफ निघाली. विक्रमी वेगाने बांधलेल्या त्या रस्त्यावर आम्ही अडीच तास उभे होतो.

मूर्तिजापुराहून एक तरुण मिस्त्री दुचाकीवर आला. रेडिएटरची नळी फाटली होती. ती त्याने बदलली. आता आत पाणी भरावयाचे. पुतण्या कडेच्या शेतातील हातपंपाकडे निघाला, तेव्हा मिस्त्री ओरडला, “भाऊ, ते पानी नोका टाकू! आमच्याकडचं पानी खारं हाय. रेडिएटर खराब होईन.”

दादा मोटारीतून उतरले. “खारे? समुद्र पाचशे किलोमीटरांहून दूर मागे राहिला, आणि पाणी खारे?”

मिस्त्रीने समजाविले. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, बुलढाणा, अकोला आणि अमरावती या तिन्ही जिल्ह्यांत हा खारपाणपट्टा पसरला आहे. नदीने आणून टाकलेला गाळ खोल; त्यातील क्षार जमिनीतल्या पाण्यात उतरतात. विहीर खणावी तर ना पिता येत, ना धड पिकास देता येत. पिण्याचे पाणी दूरच्या धरणांतून नळाने आणतात.

दादांनी हातपंपाचे पाणी ओंजळीत घेतले, जिभेस लावले आणि थुंकून टाकले. नंतर पुष्कळ वेळ ते ओल्या हाताकडे पाहत उभे राहिले. “आपल्या विहिरीचे मे महिन्यातले पाणी,” एवढेच ते म्हणाले. मग त्यांनी मिस्त्रीस विचारले, “नळ आला नाही तर काय करता?”

“शेजाऱ्याकडून मागून आनतो, काकाजी. पान्याले कोनी नाही म्हनत नाही.”

आता गोडे पाणी आसपास एकच होते. आम्ही कोणी कॅनचे नाव काढले नाही. आमच्या कुटुंबाने आकाशाकडे पाहिले, वहिनींनी टोपलीतले फुगे मोजावयास घेतले. शेवटी दादांनी स्वतःच कॅन उचलला आणि आजाऱ्यास पाजावे तसे ते पाणी मोटारीस पाजले, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. अकरा वर्षांची प्रतिज्ञा रेडिएटरमध्ये गेली आणि मोटार सुरू झाली.

तेथून नागपूर दोनशे किलोमीटरांच्या आसपास. अमरावतीस आम्ही पाण्याच्या बाटल्या घेतल्या. दादांनी तोंड फिरविले. मागच्या बाकावर बसून चोरासारखे पाणी पिणे काय असते, ते आम्ही त्या दिवशी अनुभविले. कोंढाळीजवळ रस्त्याच्या कडेस संत्र्यांचे ढीग लागले होते. दादांनी मोटार थांबविली व उभ्या उभ्या चार संत्री खाल्ली. “संत्रे हे फळ आहे, पाणी नव्हे,” त्यांनी आम्हांस बजाविले. त्यावर वहिनींच्या तोंडून निघून गेले, “पाण्याचाच धाकटा भाऊ की हो तो!” पुढचे पन्नास किलोमीटर मोटारीत कोणी बोलले नाही.

दिवेलागणीस धाकट्याच्या दाराशी पोहोचलो. त्याची पत्नी पुढे आली आणि तिने आम्हां सर्वांस बसविले. धाकटा आतल्या खोलीच्या दारात उभा राहिला. त्यास पुढे येण्याचा धीर होईना. श्रोतेहो, आपल्याकडे पाहुणा आला की पहिले काय पुढे येते, हे आपण जाणता. सबंध प्रवासभर आम्ही चौघे जण ज्या क्षणास भीत होतो, तो क्षण आला. धाकट्याची मुलगी दहा वर्षांची, नागपुरात जन्मलेली; दादांस तिने कधी पाहिले नव्हते, आणि प्रतिज्ञेविषयी तिला कोणी सांगितले नव्हते. ती पाण्याचा तांब्या व पेला घेऊन थेट दादांपुढे आली. “मोठेबाबा, पाणी.”

दादांनी पेल्याकडे पाहिले. मग मुलीकडे पाहिले. मग पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला.

“हे पाणी कुठले गं?”

“पेंचचे. तिथे धरण आहे, तिथून नळाला येते. आमच्या शाळेत शिकवले.”

“गोड आहे.”

“आणखी देऊ?”

“दे.”

दादा तीन पेले प्याले. धाकटा पुढे आला व म्हणाला, “दादा, विहीर विकण्याआधी तुम्हांला विचारायला हवे होते. माझे चुकले.” दादा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “का विकतोस, हे मीही तुला विचारले नाही. आता सांग.” धाकट्याने ते सांगितले. कारण घरातले आहे. ते आम्ही सभेत सांगणार नाही. इतकेच म्हणतो की, ते त्या वेळी कळते, तर आम्ही दोघा भावांनी आमची शेते गहाण टाकली असती. विहीर त्यामुळे परत येत नाही. टँकर आजही चालू आहेत, आणि मे महिन्यात पाणी मचूळ होणारच. ते दुःख आता तिघांचे आहे, एवढाच फरक पडला.

रविवारी धाकट्याने आम्हांस सेंट फ्रान्सिस दि सेल्स कॅथेड्रलमध्ये मिस्सेस नेले. नागपूरचा धर्मप्रांत सन 1887 चा, आणि आपला वसईचा सन 1998 चा, असे त्याने बोलता बोलता सांगितले. दादा म्हणाले, “म्हणजे येथे धाकटे आपणच.” अकरा वर्षांनंतर त्या दोघांस एकत्र हसताना आम्ही तेव्हा पाहिले.

बंधुभगिनींनो, समितीने दिलेल्या विषयावर आम्ही अद्याप एक शब्दही बोललो नाही, आणि वेळ संपली आहे. रस्ते आता सरळ झाले, रुंद झाले. पण दारातून पहिले पाऊल कोणी टाकावयाचे, हा प्रश्न कोणत्याही महामार्गाने सुटलेला नाही. आपल्यापैकी ज्यांची माणसे पुण्यास, नाशकास किंवा समुद्रापलीकडे आहेत, त्यांनी या महोत्सवाचे आमंत्रण शक्य तर स्वतः न्यावे, आणि जाताना स्वतःचे पाणी नेऊ नये.

आमचा धाकटा आज सहकुटुंब या सभेत, दादांच्या शेजारी बसला आहे. परतीच्या वेळी दादांनी वीस लिटरचा तो कॅन धाकट्याच्या नळावर काठोकाठ भरून घेतला. ‘वाटेत मोटार तापली तर असावे’ असे त्यांनी आम्हांस सांगितले. मोटार वाटेत कोठेही तापली नाही. वसईस पोहोचलो तेव्हा कॅन मात्र रिकामा होता. ते पाणी कोणी प्याले, हे आपण दादांसच विचारावे.