महायुद्ध आपल्या बंदरात

मंडळी, वसईत ‘लढाई’ म्हटलं की आपल्या ओठांवर 1739 येतं. चिमाजी अप्पा, सुरुंग, पडलेला बुरूज, वज्रेश्वरीचा नवस. त्यानंतरची एखादी लढाई सांगा म्हटलं, तर सभा गप्प होते. पहिलं महायुद्ध? ते साहेबाचं, फ्रान्सातल्या चिखलात झालेलं, असं शाळेत असताना मलाही वाटायचं. आज ते तुम्हाला जवळून दाखवावं म्हणतो. त्यासाठी फ्रान्स नको, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं तरी पुरे.

याच समुद्रात, मुंबईच्या तोंडाशी, फेब्रुवारी 1917 मध्ये ‘वोल्फ’ नावाच्या जर्मन बोटीने पाणसुरुंग पेरले. वरून साधी मालवाहू बोट, पोटात तोफा. वाटेत एकाही बंदराला न लागता ती जर्मनीहून आफ्रिकेला वळसा घालून इथवर आली होती. चार महिन्यांनी, 23 जूनला, पी. अँड ओ. कंपनीची ‘मंगोलिया’ ही प्रवासी बोट त्यातल्याच एका सुरुंगावर आदळून बुडाली. पेरणारी बोट तोवर न्यूझीलंडच्या दिशेला पोचलीसुद्धा होती.

पण आपली माणसं गेली ती बसऱ्याच्या वाटेने. 16 ऑक्टोबर 1914 ला मुंबईहून पहिला काफिला सुटला, त्यात 117 वी मराठा पलटण होती. सहाव्या पुणे डिव्हिजनमधली ही फौज. तुर्कस्तान अजून युद्धात उतरायचाच होता, तरी बोटी निघाल्या. इराणी तेल आणि अबादानचा कारखाना इंग्रजांना राखायचा होता, आरमार आता कोळशावरून तेलावर येत होतं. आमच्या कुणब्याच्या पोराला हे कुणी सांगितलं असेल, असं मला वाटत नाही.

बसरा सहज पडलं, आणि तिथेच हाव सुटली. जनरल टाउनशेंडची फौज बगदादच्या दिशेने निघाली. नोव्हेंबर 1915 मध्ये टेसिफोनला तुर्कांशी गाठ पडली आणि साडेचार हजारांहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली. मागे फिरून तैग्रिसच्या वळणावर कूत-अल-अमारा गावात फौज थांबली, ती तुर्कांनी 7 डिसेंबरला कोंडली. आत मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: 103, 110 आणि 117. पैकी 103 म्हणजे आजची जंगी पलटण.

वेढा जवळजवळ पाच महिने चालला. तोफांपेक्षा भुकेने जास्त छळलं. धान्य होतं, दळायला जाती नव्हती. तेव्हा विमानातून जात्याचे दगड खाली टाकले. जगाच्या इतिहासात विमानं नवीन होती, त्यांच्या पहिल्या कामांत जात्याची ने-आण हे एक काम होतं, याचं मला अजून नवल वाटतं. मग पिठाची वाटणी कमी होत गेली आणि घोडे कापायला घेतले. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी महिनोन्‌महिने हात लावला नाही. बिनतारी यंत्रावरून धर्मगुरूंच्या परवानग्या मागवल्या, त्या आल्याही, तरी बहुतेक जण एप्रिल उजाडेपर्यंत बधले नाहीत. ताज्या अन्नाविना हिरड्या सुजल्या, स्कर्व्ही पसरला. इंग्रज लेखक याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. शिपायाला गावी परतायचं होतं. पंगतीत बसू दिलं नाही, मुलीचं लग्न अडलं, तर तिथे टाउनशेंड येणार नव्हता.

29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली. सुमारे 13 हजार माणसं कैद झाली, त्यांत बहुतेक हिंदी. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपाई वाळवंटातून पायी निघाले, पुढे रास-अल-ऐन आणि तौरस डोंगरात रेल्वेच्या कामावर लागले. हजारो वाटेतच संपले.

इकडे घरी युद्ध खिशात शिरलं. हिंदुस्थानात खरेदी होई ती चांदीच्या रुपयांत, आणि चांदी इतकी महागली की रुपयातली चांदी रुपयाहून मोलाची झाली. लोक नाणी दडवू लागले, वितळवू लागले. शेवटी 30 नोव्हेंबर 1917 ला सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली. खणखणीत वाजवून घ्यायच्या वस्तूच्या जागी पंचम जॉर्जचं चित्र असलेला कागद!

आता एक तारीख: 10 जून 1918. त्या दिवशी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये, म्हणजे आजच्या एशियाटिकच्या इमारतीत, गव्हर्नर विलिंग्डनने युद्ध परिषद भरवली. टिळक बोलायला उठले. सैनिक देऊ, पण स्वराज्याचं काय, हा त्यांचा रोख. गव्हर्नरने अडवलं, टिळक सभागृह सोडून निघून गेले. त्याच दिवशी शहरातले सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. टिळकांची बातमी गाजली. तापाला नाव मिळायला थोडा वेळ लागला; आपल्याकडे त्याला ‘मानमोडी’ म्हणू लागले.

त्या वर्षी पाऊसही ओढला होता, धान्य महाग होतं. सप्टेंबरात साथ दुप्पट जोराने उलटली. 6 ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत 768 माणसं गेली. रेल्वे जिथे जिथे जात होती, तिथे तिथे ताप जात होता, आणि विरारहून मुंबईला गाडी 1867 पासून धावत होती. देशभरात या साथीने एक कोटीहून अधिक बळी घेतले. महायुद्धात हिंदुस्थानचे कामी आले सुमारे 74 हजार. सांगा, मंडळी, महायुद्धाच्या हिशेबात मानमोडी धरायची की नाही? मी धरतो. ती सैन्याच्या बोटींच्या बंदरातून चढली, आणि युद्धाने आधीच पोट खपाटीला नेलेल्या माणसांवर पडली.

रविवारी विरारची गाडी पकडून चर्चगेटला उतराल, तर चालत जाऊन मोठं संग्रहालय पाहा. ती घुमटाची इमारत 1914 मध्ये बांधून झाली होती, पण लोकांसाठी उघडली जानेवारी 1922 मध्ये. मधल्या काळात जिथे आज मूर्ती उभ्या आहेत, तिथे लष्करी इस्पितळाच्या खाटा होत्या.