वाडा उतरवताना

जुना वाडा पाडायचा तर पाडणाऱ्याला किती पैसे द्यावे लागतात, असं मला नेहमी विचारलं जातं. उत्तर ऐकून माणसं चकित होतात. बहुतेक वेळा पैसे द्यावे लागत नाहीत, मिळतात.

पाडकामाचा ठेकेदार वाड्यात शिरतो तो वर बघत. भिंतींकडे त्याचं लक्षही नसतं. तुळया किती, खांब किती, माडीचा कडीपाट शाबूत आहे का, जिन्याच्या पायऱ्या सागाच्या की कसल्या, हे तो मनातल्या मनात मोजतो. खिशातल्या किल्लीनं एखादा खांब टोकरून बघतो आणि आकडा सांगतो. मालकाला वाटतं, बरं झालं, घरबसल्या पैसे आले. तिथं लगेच हो म्हणू नये. ओळखीच्या सुताराला घेऊन आपणही लाकूड घनफुटात मोजून ठेवावं. जुन्या सागवानाला आज कोण गिऱ्हाईक आहे हे ठेकेदाराला पक्कं ठाऊक असतं, मालकाला नसतं, एवढाच काय तो फरक.

पुण्याच्या पेठांमधला जुना वाडा म्हणजे मुळात लाकडाचा सांगाडा. खाली घडीव दगडाचं जोतं, जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर खांब, खांबांवर तुळया. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि घर मोजायचं ते खणांत. भिंती त्यात मागून भरलेल्या: खाली दगड, वर वीट, सांधायला माती आणि बाहेरून चुना. ओझं वाहतं ते लाकूड. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती ढासळल्या आणि माणसं त्यांच्याखाली गेली; काही घरांतले लाकडी खण मात्र तसेच उभे राहिले होते. भिंत जाड म्हणजे घर मजबूत, हा समज तेव्हापासून तरी सुटायला हवा होता.

म्हणून वाडा उतरवायचा तो बांधला त्याच्या बरोबर उलट्या क्रमानं. आधी कौलं, मग रिपा, मग वासे. त्यानंतर येते माडीची जमीन, आणि अपघात होतात ते इथंच. कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर वीतभर माती असते. पावसाळ्यात कौलं फुटून ती माती भिजलेली असेल, तर तिचं वजन कुठल्या कुठं गेलेलं असतं. ती घमेल्याघमेल्यानं खाली नेऊन टाकल्याशिवाय तुळईला हात लावायचा नाही. घाईत असलेला ठेकेदार मातीसकट तुळई खेचतो आणि खाली उभ्या असलेल्या गड्याच्या अंगावर सगळं येतं.

खांबांचीही गंमत बघण्यासारखी असते. चौकाच्या कडेचा, तळखड्यावर मोकळा उभा असलेला खांब बोटानं वाजवला की खणखणतो. त्याच्याच वयाचा, त्याच झाडाचा म्हणा हवं तर, पण भिंतीत गाडला गेलेला खांब पहारीनं नुसता टोचला तरी भुसा गळायला लागतो. बाहेरून रंग ताजा असतो, आत वाळवीनं काही शिल्लक ठेवलेलं नसतं. असा एक खांब सापडला, की त्या रांगेतल्या प्रत्येक तुळईला आधी टेकू द्यायचा आणि मगच पुढं जायचं.

वाड्यांची ही अवस्था का झाली, तेही सांगायला हवं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं १ सप्टेंबर १९४० चं भाडं हे प्रमाण धरलं. पुढं अर्धशतक ते जवळजवळ तिथंच राहिलं. भाडेकरूला छप्पर मिळालं हे खरं, पण कौलं शेकारायचा खर्चही भाड्यातून निघेना. मालकानं हात आखडला, भाडेकरूनं मालकाकडं बोट दाखवलं, आणि पाणी मुरत राहिलं. त्यात १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. नदीकाठच्या पेठांतल्या मातीच्या भिंती पुरात अक्षरशः विरघळल्या. त्या दिवशी जे उभे राहिले, त्यांतले पुष्कळ वाडे आत्ता आत्ता पडताहेत.

वाडा गेला की हळहळणारे लेख येतात. मी हळहळणाऱ्यांतला नाही. अंधाऱ्या माजघरात धुरानं डोळे चोळत स्वयंपाक करणाऱ्या बाईला आणि सकाळी हातात टमरेल घेऊन सामाईक संडासापुढं रांग लावणाऱ्या बिऱ्हाडांना कुणी विचारलं नव्हतं. विश्रामबागवाडा, नानावाडा राखलेच पाहिजेत. बाकी बहुतेक घरं राहण्यासाठी असतात आणि राहण्याजोगी उरली नाहीत की ती खुशाल उतरवावीत. फक्त त्याआधी वास्तुकलेच्या एखाद्या महाविद्यालयाला कळवावं. मुलं हौसेनं येतात, मोजमापं घेतात, नकाशा काढून ठेवतात.

मी भांडतो ते जेसीबीशी. खणांचा सांगाडा सुटा करून उतरवायला काही आठवडे लागतात. जेसीबी तेच घर एकदोन दिवसांत जमीनदोस्त करतो. पण त्यात साग, घडीव दगड, वीट, कौल, चुना असा सगळ्याचा काला होतो. जे विकता आलं असतं त्याचा राडारोडा होतो, आणि तो रात्रीच्या अंधारात डंपरनं नदीपात्रात जातो. बांधकामाच्या राडारोड्याची विल्हेवाट कशी लावायची, याचे केंद्र सरकारचे नियम आहेत. करारात ठेकेदाराकडून ते पाळण्याचं कलम लिहून घ्या, आणि गाडी कुठं रिकामी झाली त्याच्या पावत्या मागा.

आपण आज बांधतो त्या आरसीसीच्या इमारती पाडताना हा प्रश्न आणखी अवघड होणार आहे. चांदणी चौकातला पूल २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्रीनंतर स्फोटानं उडवला, तेव्हा निम्मं पुणं टीव्हीसमोर जागं होतं. धूळ खाली बसली आणि बघतात तर पुलाचा बराच भाग अजून जागेवर. आतलं लोखंड हटेना. शेवटी यंत्रं लावून तो काढावा लागला. वाड्याच्या तुळईची खुंटी काढली की तुळई सुटते. काँक्रीटमध्ये सुटं करण्यासारखं काही नसतंच.

पेठेत आणखी एक सांभाळायचं. शेजारची भिंत बहुतेक ठिकाणी सामाईक असते. तुमच्या तुळया निघाल्या की तिचा एका बाजूचा आधार जातो, आणि पाया खणायला घेतलात की बुडातली मातीही जाते. काम सुरू करण्याआधी शेजाऱ्याला बरोबर घेऊन त्याच्या घरातल्या जुन्या तड्यांचे फोटो काढा, तारीख घाला, दोघांनी सह्या करा. पुढची कोर्टकचेरी त्यानं वाचते. उतरवायचं काम दसऱ्यानंतर धरावं, म्हणजे पाऊस यायच्या आत पाया भरून जोत्यापर्यंत येता येतं. उघडा खड्डा आणि जूनचा पाऊस हे शेजाऱ्याच्या भिंतीला परवडत नाही.

आणि राडारोडा उचलल्यावर मागच्या अंगाला आड निघाला, तर तो तिथंच बुजवून टाकायची घाई करू नका. पुष्कळ वाड्यांत तो असतोच. वर फरशी पडल्यानं घरातल्या तरुण पिढीला माहीत नसतो, इतकंच. गाळ उपसून पाणी किती लागतं ते बघा, आर्किटेक्टला नव्या नकाशात त्याची जागा दाखवायला सांगा, आणि वर लोखंडी जाळी बसवून घ्या. निदान काँक्रीटवर मारायच्या पाण्याचे टँकर तरी वाचतील.