कोशाचा धागा आणि आपण
(रायपूर येथील कामगार मेळाव्यातील भाषण)



रायपूरहून हावड्याकडे जाताना बिलासपूरच्या पुढे चांपा स्टेशन लागते. आपल्यापैकी कित्येकांनी तिथून कोशाची साडी घरी आणली असेल. मीही लेकीच्या लग्नासाठी आणली. विणकराच्या ओसरीवर बसून घासाघीस केली आणि दोनशे रुपये कमी करून घेतले. त्याची आज लाज वाटते.

चांपा आणि आसपासच्या गावांत देवांगन समाजाची घरेच्या घरे या धंद्यावर जगतात. ऐन आणि अर्जुन या झाडांवर वाढणाऱ्या अळ्यांचे कोश आणायचे, उकळायचे, सूत काढायचे, कांड्या भरायच्या, मग विणायचे. एका साडीला सारे घर राबते. सूत काढतात त्या बाया, आणि पिढ्यान्‌पिढ्या ते उघड्या मांडीवर वळून काढत आल्या. कातडी सोलवटते, जखमा होतात. ही पद्धत संपवण्यासाठी २०१९ साली केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने 'बुनियाद' हे यंत्र पुढे आणले. मांडीवर सूत काढून दिवसाला सुमारे १२५ रुपये मिळतात, यंत्रावर ३५० मिळू शकतात, असा सरकारचाच हिशेब होता. साडी हजारोंची, आणि सूत काढणारीला सव्वाशे!

२०१९-२० च्या हातमाग गणनेत देशात ३५ लाखांवर हातमाग कामगार मोजले गेले. त्यांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया. विणकरांची दोन तृतीयांश कुटुंबे महिना ५,००० रुपयांपेक्षा कमी मिळवत होती. जुलै २०२० मध्ये तर अखिल भारतीय हातमाग मंडळच बरखास्त झाले. गाऱ्हाणे मांडायची एक जागा गेली.

बंधूंनो, आपल्याला हजेरीपट आहे, पगारपत्रक आहे, प्रॉव्हिडंट फंड आहे. हे कोणी दान दिले नाही, युनियनने झगडून मिळवले. त्या बाईचे नाव कोणत्या हजेरीपटावर आहे?

म्हणून माझी सूचना आहे. प्रत्येक शाखेने महिन्यातला एक रविवार विणकरांच्या गावाला द्यावा. ई-श्रम नोंदणी करून द्यावी, सूत काढणारीची नोंद तिच्या स्वतःच्या नावाने व्हावी. सहकारी संस्था असेल तिथे तिचे हिशेब सभासदांना वाचून दाखवावेत. आणि साडी घेताना घासाघीस करू नये.

कामगार एकजुटीचा विजय असो!